जिल्ह्याच्या ठिकाणी एफएएसडीचं (गरोदरपणातल्या दारूमुळे बाळाला होणाऱ्या त्रासाचं) निदान सुरू करायचंय, कुठून सुरुवात करू?

सायली_डीईआयसी
नमस्कार मंडळी. मी पूर्व विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात डीईआयसीला, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी बघणाऱ्या केंद्रात, सायकॉलॉजिस्ट आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आरबीएसके या सरकारी बाल आरोग्य कार्यक्रमाची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन मुलं तपासतात आणि ज्यांना पुढची तपासणी लागते त्यांना आमच्याकडे पाठवतात.

प्रश्न असा आहे की माझ्याकडे एक ठरावीक प्रकारची मुलं वारंवार येतायत. डोकं वयाच्या मानाने लहान, वजन कमी, बोलायला गोड, पण आज शिकवलेलं उद्या पूर्ण गायब, एका वेळी दोन गोष्टी सांगितल्या की दुसरी हरवलीच, शिक्षा केली तरी तीच चूक परत, आणि वर्गात सगळे म्हणतात मस्तीखोर आहे, ऐकत नाही. बिने-कामत ही बुद्ध्यांकाची चाचणी लावली तर आयक्यू कधीकधी ऐंशीच्या पुढे येतो म्हणजे मतिमंदत्वात बसत नाही, मग आम्ही एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) लिहितो नाहीतर नुसतंच विकासात विलंब लिहून मोकळे होतो. आणि मग कधीतरी सोबत आलेली आजी किंवा मावशी सहज बोलून जाते की पोरीच्या पोटात हा होता तेव्हा ती मोहाची दारू घ्यायची, घरातच काढतात, सगळेच घेतात. फाइलमध्ये याबद्दल एक अक्षर नसतं कारण कोणी विचारलेलंच नसतं.

आईने गरोदरपणात घेतलेल्या दारूमुळे बाळाच्या मेंदूवर जे कायमचे परिणाम होतात त्यांना एकत्र मिळून फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर (एफएएसडी) म्हणतात, हे कॉलेजात एका पानात शिकवलं होतं, बस. आरबीएसकेच्या 30 आजारांच्या यादीत तो नाही. मला नवीन बिल्डिंग नकोय, नवीन योजना नकोय, महिन्यातून एक दिवस आहे त्याच स्टाफमध्ये नीट निदान करायचंय. कोणते निकष वापरू, आईला कसं विचारू, आणि निदान झाल्यावर त्या घराला द्यायला माझ्याकडे काय आहे, या तीन गोष्टींवर अडलीये. एक भीती पण आहे, हे एखाद्या समाजावरचा शिक्का होऊ नये. कोणी प्रत्यक्ष काम केलंय का यात?

विनिपेगकर
सायलीताई, खूप बरं वाटलं हे वाचून. मी मूळची अमरावतीची, आता कॅनडात मॅनिटोबा प्रांतात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि एफएएसडीची मुलं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहेत, म्हणून जरा लांब लिहिते.

पहिली गोष्ट, तुमच्याकडे टीम आहे. कॅनडाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शाळकरी मुलांसाठी जी टीम सांगितलीये ती म्हणजे डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट. डीईआयसीच्या मंजूर पदांमध्ये बालरोगतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, ऑडिओलॉजिस्ट कम स्पीच थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर आणि सोशल वर्कर असतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट नसला तरी फिजिओ आणि स्पेशल एज्युकेटर मिळून हाताची कौशल्यं, लिखाण, रोजची कामं बऱ्यापैकी बघू शकतात. पदं रिकामी असतील तर तो वेगळा लढा आहे, पण कागदावरचा साचा बरोबर आहे.

निकषांचं म्हणाल तर जगात दोन-तीन पद्धती चालतात. सिएटलला वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीची फोर डिजिट कोड आहे, वाढ, चेहरा, मेंदू आणि दारूचा संपर्क या चार गोष्टींना प्रत्येकी 1 ते 4 आकडे देतात. कॅनडाच्या पद्धतीत मेंदूच्या कामाची दहा क्षेत्रं आहेत: हालचाल, मेंदूची रचना, बुद्धी, भाषा, शालेय प्रगती, स्मरणशक्ती, लक्ष, नियोजन आणि स्वतःवर ताबा, भावनांचं नियंत्रण, आणि रोजचं जगणं व लोकांशी वागणं. यातल्या किमान तीन क्षेत्रांत गंभीर अडचण असायला हवी. माझं मत विचाराल तर तुम्ही कॅनडावाली घ्या, कारण ती तुम्हाला एका आयक्यूच्या आकड्यावर थांबू देत नाही, आणि तुमची ऐंशीच्या पुढची मुलं नेमकी तिथेच हरवतायत.

चेहऱ्याबद्दल महत्त्वाचं. डोळ्यांची फट आडवी आखूड असणं, नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली खाच सपाट असणं, आणि वरचा ओठ पातळ असणं ही तीन लक्षणं. तीनही असतील आणि मेंदूची क्षेत्रंही बाधित असतील तर आईची माहिती नसतानाही निदान देता येतं. पण बहुतेक मुलांना हा चेहरा नसतोच, कारण चेहरा घडतो तो गरोदरपणाच्या सुरुवातीच्या थोड्याशा काळात आणि मेंदू घडत राहतो नऊ महिने. चेहरा नाही म्हणजे एफएएसडी नाही असं धरून चाललात तर बरीचशी मुलं सुटतील. आणि चेहरा नसेल तेव्हा गरोदरपणात दारू घेतली होती याची खात्रीशीर नोंद लागतेच लागते, तिच्याशिवाय हे नाव देता येत नाही.

म्हणून इकडे सगळ्यात जास्त वेळ टेस्टिंगमध्ये जात नाही, त्या नोंदी गोळा करण्यात जातो. भागाभागात कोऑर्डिनेटर असतात, त्या आधी घरच्यांशी बोलतात, जन्माचे कागद, शाळेचे रिपोर्ट, जुन्या तपासण्या जमवतात, आणि फाइल तयार झाल्यावरच मूल टीमसमोर येतं. तुमच्या सोशल वर्करला हेच एक काम नीट दिलंत तर क्लिनिकचा निम्मा भार तिथेच हलका होईल.

अगदी लहान मुलांना घाईने नाव देऊ नका. दहा क्षेत्रं दोन वर्षांच्या बाळात तपासताच येत नाहीत, तिथे 'धोका आहे, पुन्हा बघा' अशी वेगळी नोंद करायची सोय त्या निकषांतच आहे, ती वापरा आणि पुढची तारीख देऊन ठेवा.

निखिल_नाशिक
प्रश्न प्रामाणिक आहे, राग मानू नका. एनएफएचएस 5 या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत महाराष्ट्रात दारू पिणाऱ्या बायकांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे ना, मग जिल्ह्याच्या पातळीवर वेगळा दिवस ठेवण्याइतकी गरज आहे का? कुपोषण, ॲनिमिया, थायरॉइड हे सगळं सोडून हे कशाला?

सायली_डीईआयसी
निखिल, राग कसला. आकडा बरोबर आहे, पण तो अख्ख्या राज्याची सरासरी आहे, आणि घरात चारचौघांत सर्व्हेवाल्या अनोळखी माणसाने विचारल्यावर दिलेलं उत्तर आहे. गोव्यात त्याच सर्व्हेत साडेपाच टक्के आलाय, म्हणजे जिथे पिण्याबद्दल लाज कमी तिथे आकडाही वेगळा दिसतो. माझ्या जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत मोह घरोघरी आहे, सणाला, लग्नाला, रोवणीच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत. आणि पुण्या-मुंबईत पार्टीत घेणाऱ्या मुलींना दिवस राहिलेत हे कळायलाच दीड-दोन महिने जातात, तिकडेही ही मुलं असणारच, फक्त ती खासगी डॉक्टरकडे एडीएचडी म्हणून जात असतील.

कुपोषण सोडून नाही, त्याच्यासोबतच बघायचंय.

डॉ_फिरतं_पथक
मी आरबीएसकेच्या पथकात आयुष डॉक्टर आहे, मराठवाड्यातून बदली होऊन आता तुमच्याच बाजूला. सायली मॅडम, तुमची कल्पना पटली पण खालून काय दिसतं ते सांगतो.

लहान डोकं हे एकटं लक्षण धरून मुलं पाठवायला सांगितलंत तर तुमच्या ओपीडीत रांग लागेल. इथे मुळात जन्माचं वजन कमी, आईला रक्त कमी, खर्रा आणि तंबाखू बायकाही खातात, सिकलसेल आहे, जवळच्या नात्यात लग्नं आहेत. यातल्या कशानेही बाळ लहान राहतं. म्हणून गाळणी हवी: डोक्याचा घेर कमी, अधिक बोलण्यात किंवा शिकण्यात मागे, अधिक घरातून दारूची माहिती, असं दोन-तीन गोष्टी जुळल्या तरच पाठवायचं. यादीत 31 वा आजार घालायची वाट बघू नका, विकासातला विलंब, भाषेतला विलंब, लर्निंग डिसऑर्डर, एडीएचडी हे सगळं यादीत आहेच, त्या खाली रेफर करू आणि शेऱ्यात लिहू.

तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी काही गोष्टी आधी बाजूला काढाव्यात. थायरॉइड आणि ऐकू येतं का हे तर पहिलंच. शिवाय आईला फिट्स होत्या का आणि गरोदरपणात फेनिटॉइन किंवा व्हॅलप्रोएट चालू होतं का हे विचारा, त्या गोळ्यांनीही चेहरा आणि बुद्धी दोन्हीवर असाच परिणाम दिसतो. काही जनुकीय आजारांतही चेहरा मिळताजुळता असतो, विल्यम्स सिंड्रोम, नूनन वगैरे, शंका वाटली तर नागपूरला मेडिकलला पाठवा.

डोळ्याची फट मोजायची म्हणजे आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत, पारदर्शक लहान पट्टीने, मिलिमीटरमध्ये, मूल वर बघत असताना. एक-दोन मिलिमीटरचा फरक निकाल बदलतो, त्यामुळे एकाच माणसाने सराव करून सगळ्यांची मोजावी. आणि तुलना कशाशी करणार? ते तक्ते परदेशी मुलांचे आहेत, ओठ आणि खाचेचे फोटोवाले गाइडही गोऱ्या आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांसाठी बनवलेले. आपल्या शाळेतल्या निरोगी मुलांची मापं आधी घेऊन ठेवावीत असं मला वाटतं, पथक शाळेत जातंच, एक माप जास्त घेतलं तर फार वेळ जात नाही.

आणि शेवटचं, गाडीभाडं. आज सायकॉलॉजिस्ट, परवा स्पीच, पुढच्या महिन्यात डॉक्टर असं ठेवलंत तर दुसऱ्या फेरीला कोणी येणार नाही. एकाच दिवशी सगळं.

स्पीचवाली
वरच्या सगळ्याला अनुमोदन आणि एक मोठी भर. सायली, मुलाची घरची भाषा कोणती हे पहिल्या ओळीत लिही. गोंडी किंवा माडिया बोलणारं सहा वर्षांचं पोर, त्याची तू मराठीत भाषेची चाचणी घेतलीस तर ते नापासच होणार, आणि भाषा, शालेय प्रगती, स्मरणशक्ती अशी तीन क्षेत्रं एका झटक्यात 'बाधित' दिसतील. म्हणजे काहीही नसलेल्या पोराला आपण आयुष्यभराचं लेबल देऊ. आम्ही हे बहिरेपणाच्या क्लिनिकमध्ये बघितलंय. अंगणवाडी सेविका किंवा आशा त्याच भाषेची असते, तिला शेजारी बसव, सूचना तिच्या तोंडून जाऊ देत, आणि गुण मोजण्यापेक्षा मूल घरी भावंडांशी कसं बोलतं ते व्हिडिओवर मागव. रोजच्या जगण्याची क्षेत्रं व्हाइनलँड या चाचणीने तपासताना पण तेच, शहरातल्या पोराने काय करावं ते निकष जंगलाकाठच्या पोराला लावू नकोस, ते सहा वर्षांचं पोर शेळ्या वळतं आणि शहरातलं बुटाची नाडीही बांधत नाही.

स्मरणशक्ती आणि नियोजनासाठी बेंगळुरूच्या निमहान्स या संस्थेची मुलांची न्यूरोसायकॉलॉजिकल बॅटरी (चाचण्यांचा संच) बघ, 5 ते 15 वयासाठी आहे आणि भारतीय मुलांवर बसवलेली आहे.

पर्थचा_प्रसाद
शिक्का बसण्याच्या भीतीबद्दल लिहितो. मी वेस्टर्न ऑस्ट्रेलियात असतो, फील्ड नर्स आहे. इथे फिट्झरॉय क्रॉसिंग नावाचं दुर्गम गाव आहे, आजूबाजूला आदिवासी वस्त्या. तिथे 2007 मध्ये स्थानिक बायकांनीच पुढे होऊन कडक दारूच्या विक्रीवर बंधनं आणायला लावली, जून ऑस्कर आणि एमिली कार्टर या तिथल्या पुढाऱ्या. नंतर त्याच म्हणाल्या की आमच्या मुलांना काय झालंय ते मोजायला आम्हाला मदत करा. म्हणजे संशोधक बाहेरून घुसले नाहीत, गावाने त्यांना बोलावलं, काय विचारायचं काय नाही हे गावाशी बोलून ठरलं. 2002 आणि 2003 मध्ये जन्मलेली मुलं घेतली, 108 मुलं तपासली, त्यात 21 जणांना एफएएसडी निघाला. आकडा जीवघेणा आहे, पण तो त्यांनी स्वतः जगासमोर मांडला, कारण त्यावरून शाळेत आणि गावात मदत मागायची होती. प्रत्येक मुलासाठी पुढे काय करायचं याची योजनाही घरच्यांच्या हातात दिली.

गडचिरोलीत 1993 ची दारूबंदी लोकांच्या, विशेषतः बायकांच्या चळवळीतूनच आली ना. सायलीताई, तुमच्याकडे ते बळ आधीच आहे. दवाखान्याने जाहीर करण्याऐवजी गावातल्या बायकांनी मागितलं तर त्याचा रंगच वेगळा असेल.

आणि निदान नाही झालं तर काय होतं तेही सांगतो. पर्थच्या बँक्सिया हिल बालसुधारगृहात 99 मुलं तपासली, 2018 ला ते छापून आलं, 36 जणांना एफएएसडी होता आणि त्यातल्या फक्त दोघांचं निदान आधी झालेलं होतं. बाकीची पोरं शाळेपासून तुरुंगापर्यंत 'ऐकत नाही' म्हणून शिक्षा खात आली.

कमलताई
मी दारूबंदीच्या कामात आहे गावागावात, लिहायची सवय नाही जास्त तरी सांगते. बाईले कसं विचारायचं हे तुम्ही विचारलं. सरळ 'पोटात लेकरू असताना दारू पेत होती का' असं विचारलं तर ती नाहीच म्हणन, म्हणायलाच पाहिजे तिनं, कारण तिची सासू बाजूले बसली आहे, आणि घरी गेल्यावर नवरा म्हणन तुझ्यामुळे पोरगं असं झालं आणि मारन. हे होते, मी पाहिलं आहे. दारू त्यानंच घरात आणलेली असते.

म्हणून आधी एकटीले बोलवा. तोलण्या-मापण्याच्या निमित्तानं लेकराले नि सासूले दुसऱ्या खोलीत पाठवा. मग तिच्या कामाचं विचारा, झोपेचं विचारा, नवऱ्याच्या पिण्याचं विचारा, ते ती सांगते. मग म्हणा, बाई, तुले दिवस गेले हे माहीत नव्हतं तेव्हा सणावाराले, रोवणीत, अंग दुखलं तर काय घेत होती. असं विचारलं की ती कबुली देत नाही तर गोष्ट सांगते. मग हळूच विचारा की माहीत झाल्यावर कमी केली का, कितव्या महिन्यापर्यंत. घरची मोहाची आहे, तिच्यावर टक्का लिहिलेला नसते, तर ग्लास किती मोठा, दिवसातून किती वेळ, पहिल्या धारेची का नंतरची, असं विचारा.

आणि सगळ्याच बायांले विचारा. गोंडाच्या बाईले विचारलं नि पाटलाच्या सुनेले नाही, असं झालं तर दुसऱ्या दिवशी गावात कळते.

ग्लासगोची_मुक्ता
कमलताईंचं शेवटचं वाक्य इथल्या आरोग्यसेवेने कागदावर आणायला खूप वर्षं घेतली. स्कॉटलंडमध्ये जानेवारी 2019 ला साइन 156 नावाच्या डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांनी कॅनडाचेच निकष घेतले आणि प्रत्येक गरोदर बाईला दारूबद्दल विचारून नोंद करा असं सांगितलं. इंग्लंडसाठी नाइस या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने मार्च 2022 मध्ये जो दर्जा ठरवून दिला त्यातही हेच, गरोदरपणातल्या दारूची माहिती नोंदवा, आणि शेवटी प्रत्येक मुलाची पुढची योजना लिहून द्या. सायली, तुझं क्लिनिक महिन्यातून एकदाच असेल, पण एएनएमने (गावच्या आरोग्यसेविकेने) गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत हा प्रश्न विचारून लिहायला सुरुवात केली तर पाच-सहा वर्षांनी तुझ्यासमोर येणाऱ्या मुलाची फाइल आपोआप तयार असेल. आज तुझ्याकडे तीच नाहीये. आणि जी बाई आज हो म्हणेल तिला तेव्हाच मदत देता येईल, पुढचे महिने तरी वाचतील, कुठल्याही महिन्यात थांबली तरी बाळाला फायदाच आहे.

अर्णवची_आई
मी पालक म्हणून लिहितेय. आमचा मुलगा दत्तक आहे, संस्थेतून आला तेव्हा पावणेदोन वर्षांचा होता. जन्मदात्या आईची काहीच माहिती नाही. पहिलीत गेला तशा तक्रारी सुरू झाल्या, शाळा बदलली, दोन ठिकाणी आम्हाला सांगितलं की तुम्ही लाडावून ठेवलाय, एका ठिकाणी दत्तक मुलांचं असंच असतं असंही ऐकवलं. एडीएचडीचं औषध चालू झालं, थोडा फरक पडला, पण चोरी, खोटं बोलणं, तीच चूक शंभरदा, हे थांबेना. मग पुण्यातच एका डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनने चेहरा बघितला, मापं घेतली, सगळ्या टेस्ट एकत्र ठेवल्या आणि नाव सांगितलं.

लोक म्हणतात बरं होत नाही तर नाव कशाला. नाव कळल्यावर मी त्याला मारणं बंद केलं, त्याच्या बाबांनी ओरडणं बंद केलं. त्याला आठवत नाही म्हणून तो बनवून सांगतो, मुद्दाम खोटं बोलत नाही, हे समजलं. आता एका वेळी एकच सूचना, रोजचा क्रम ठरलेला, भिंतीवर चित्रं लावलेली, पैसे दिसतील असे ठेवायचे नाहीत, आणि वयाने अकरा असला तरी सातच्या मुलासारखी सोबत द्यायची. अमेरिकेत ॲन स्ट्रायस्गुथ यांनी 1996 साली शेकडो जणांचा अभ्यास मांडला होता, त्यात सहा वर्षांच्या आत निदान झालेली आणि स्थिर, प्रेमाच्या घरात वाढलेली मुलं पुढे खूप कमी अडचणीत आलेली दिसली. आम्हाला उशीर झाला, तुमच्याकडच्या मुलांना होऊ नये.

तुम्ही विचारलंत ना द्यायला काय आहे, तर सायलीताई, शाळेला द्यायचं एक पान मराठीत लिहून द्या. आमच्या हातात इंग्रजी रिपोर्टची जाडजूड फाइल होती, ती बाईंनी कधी उघडलीच नाही. एका पानावर हा काय करू शकतो, काय जमत नाही, आणि वर्गात काय केलं तर जमेल, एवढंच. सर्टिफिकेटचं म्हणाल तर 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत एफएएसडी नावाने नाही, पण मुलात जे दिसतं त्यानुसार बौद्धिक अक्षमता किंवा स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी यात बसत असेल तर ते काढून द्या, परीक्षेतल्या सवलती त्यावर मिळतात. आणि बालगृहांतली मुलं विसरू नका, त्यांच्यासाठी भांडणारं घरचं कोणी नसतं.

सायली_डीईआयसी
सगळ्यांचे मनापासून आभार, अर्णवच्या आईंचं दोनदा वाचलं. मी काय करतेय ते सांगते म्हणजे चुकत असेन तर थांबवा.

आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमशी बोलले, त्या तयार आहेत. महिन्यातला एक बुधवार, फक्त तीन मुलं, सगळी टीम त्याच दिवशी आणि दुपारी सगळ्यांनी एकत्र बसून निर्णय. त्याआधी सोशल वर्कर घरी जाऊन येणार आणि कमलताईंनी सांगितलं तसं आईशी एकटीने बोलणार. कॅनडाचे निकष घेतेय. शंका असेल तिथे 'धोका आहे' एवढंच लिहून वर्षाने परत बोलवायचं, पुरेसा पुरावा नसताना नाव द्यायचं नाही हे आमच्यात पक्कं ठरलंय. निरोगी मुलांची डोळ्यांची मापं घ्यायला तुमच्या पथकाची मदत लागेल डॉक्टर, पालकांची संमती आणि सिव्हिल सर्जन सरांची परवानगी दोन्ही काढते.

एएनएम प्रशिक्षणाच्या दिवशी अर्धा तास मागितलाय. तो प्रश्न कमलताईंच्या शब्दांत, गोंडीत पण, लिहून द्यायचा विचार आहे. ताई, तुम्ही त्या दिवशी याल का?

एक राहिलं. निदान झालं की आईला कसं सांगायचं? मला या क्षणाची सगळ्यात जास्त धास्ती आहे.

कमलताई
येते ना. तारीख सांगा फक्त.

विनिपेगकर
आईला आधी एकटीला सांगा, नंतर तिला ज्याला सोबत घ्यायचंय त्याच्यासमोर. 'तुझ्या पिण्यामुळे झालं' असं वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. मेंदू जरा वेगळा घडलाय, त्यामुळे याला हे जमतं आणि हे जमत नाही, तू माहिती दिलीस म्हणून आम्हाला ते कळलं, असं सांगा. ती रडेल, तिला वेळ द्या, पुढचं मूल लगेच आत बोलावू नका. ती अजून पीत असेल तर त्याच दिवशी व्यसनमुक्तीच्या माणसाशी तिथेच गाठ घालून द्या, चिठ्ठी देऊन पाठवू नका. आणि तिला पुन्हा दिवस गेले असतील का, हे नक्की विचारा. इकडे आम्ही याच भेटीत धाकट्या भावंडांचीही चौकशी करतो, मोठ्याला असेल तर धाकट्यालाही असण्याची शक्यता खूप असते.

डॉ_फिरतं_पथक
मॅडम, मापांना आमची तयारी आहे, संमतीचा फॉर्म पाठवा. भावंडांवरून आठवलं, माझ्या नजरेत एका घरातली दोघं आहेत, मोठी तिसरीत आणि धाकटा अंगणवाडीत. त्यांना एकाच बुधवारी बोलवा. आई मजुरीला जाते, आत्ता रोवणी चालू आहे, बोलावलं तरी येणार नाही आणि आली तर त्या दिवसाची मजुरी बुडेल. रोवणी संपल्यावरचा बुधवार द्या, गाडी आमची रिकामी परत येते त्या वाटेने, परवानगी मिळाली तर तिघांना मीच घेऊन येतो.